दाढ दुखायची थांबली, मग रूट कॅनाल कशाला?

प्रश्न चाळिशीतल्या एका गृहस्थांचा आहे. चार महिन्यांपूर्वी त्यांची खालची डावी दाढ ठणकत होती. मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या पाच दिवस घेतल्या आणि दुखणं गेलं. आता दुसऱ्याच कामासाठी दातांच्या डॉक्टरांकडे गेले, तर ते म्हणाले, या दाढेला रूट कॅनाल आणि कॅप लागेल. दुखत नसताना हे कशाला, असं त्यांना विचारायचंय. शिवाय घरचे आणखी तीन प्रश्न आहेत. आई 64 वर्षांच्या, त्यांना मधुमेह आहे, मशेरी लावतात, पुढचे दात हलायला लागलेत. पत्नी दात साफ करून घ्यायला तयार नाहीत, कारण मशीन लावलं की दात ढिले होतात असं त्यांच्या बहिणीनं सांगितलंय. आणि सहा वर्षांच्या मुलीच्या दाढा किडल्यात, पण दुधाच्याच आहेत, पडतीलच, म्हणून कुणी मनावर घेत नाही.

मी सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी 27 वर्षं दातांचा दवाखाना चालवते. हे चारही प्रश्न माझ्याकडे कधीकधी एकाच सकाळी येतात. "दुखत न्हाई न्हवं, मग ऱ्हाऊ द्या की मॅडम," हे वाक्य मी दिवसातून किती वेळा ऐकते ते मोजायचं सोडून दिलंय.

आधी तुमची दाढ. मला न बघता तिचा इतिहास बहुतेक सांगता येईल. सुरुवातीला गार पाण्यानं क्षणभर कळ यायची आणि लगेच थांबायची. मग गोड खाल्लं की. मग चहा प्यायला की ठणका सुरू व्हायचा आणि अर्धा तास जायचा नाही. शेवटी रात्री आडवं पडलं की कानापासून हनुवटीपर्यंत सगळंच दुखायचं आणि नेमकी कुठली दाढ ते सांगता यायचं नाही. या टप्प्यावरचे काही पेशंट हातात गार पाण्याची बाटली घेऊनच येतात. पाणी तोंडात धरलं की बरं वाटतं, कोमट झालं की थुंकायचं, परत नवा घोट. वेटिंग रूममध्ये असं कुणी दिसलं की माझी असिस्टंट त्याला नंबर न बघता आत घेते.

आत काय घडतं? दाताचं वरचं कवच, एनॅमल, शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. दाढेच्या उंचवट्यावर त्याची जाडी फार तर अडीच मिलिमीटर. त्याला स्वतःची जाणीव नाही, म्हणून कीड त्यातून जाते तेव्हा काहीच कळत नाही. खालच्या थरात पोचली की गार-गोड झोंबतं. त्याच्याही आत जी पोकळी आहे, तिच्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. आपण सगळे त्याला 'नस' म्हणतो. बोटाला इजा झाली तर बोट सुजायला जागा असते. नस मात्र चारी बाजूंनी कठीण भिंतींत कोंडलेली. सूज आली की दाब वाढतो, म्हणून तो जीवघेणा ठणका. दाब इतका वाढतो की रक्तपुरवठाच बंद पडतो, नस मरते, आणि दुखणं थांबतं. त्या दिवशी पेशंट म्हणतो, गोळी लागू पडली.

गोळीनं सूज-वेदना तात्पुरती उतरते हे खरं. पण अँटिबायोटिक रक्तातून जातं, आणि मेलेल्या नसेत रक्त पोचतच नाही. त्यामुळे जंतू आत बसून राहतात आणि मुळाच्या टोकातून हळूहळू हाडात उतरतात. एक्स-रेवर मुळाच्या टोकाशी काळपट डाग दिसतो, तो हाड विरघळल्याचा. तुमच्या डॉक्टरांना बहुधा तोच दिसला असणार. त्यांना तो स्क्रीनवर दाखवायला सांगा. दाखवतील. कुठल्याही रूट कॅनालआधी पेशंटनं हे मागावं आणि त्यात कुणाला वाईट वाटायचं कारण नाही. मनात शंका राहिलीच तर तोच एक्स-रे घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जा. मी स्वतः माझ्या पेशंटना पाठवते.

कधीकधी हिरडीवर मुगाएवढी पुटकुळी येते, फुटते, बसते, परत येते. दुखत नाही. एक शेतकरी माझ्याकडे सहा वर्षं असली पुटकुळी घेऊन हिंडत होते, जिभेनं दाबून पू काढायची सवयच लागली होती त्यांना. दाढ उघडली तेव्हा जो वास सुटला, त्यानं त्यांनीच खुर्चीवरून विचारलं, "मॅडम, ह्यो वास कसला वो?" मी म्हटलं, सहा वर्षांचा.

आणि हो, दाब परत कधीही वाढू शकतो. गाल सुजून डोळा झाकला गेलेला पेशंट बहुतेक वेळा 'मागे दुखायची, मग थांबली' हेच सांगतो. जबड्याखाली सूज उतरली, तोंड उघडेना, गिळता येईना, श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला, तर दातांच्या दवाखान्यात फोन करून वेळ घेत बसू नका. सरळ मोठं हॉस्पिटल गाठा. अशा सुजेत अँटिबायोटिक लागतंच. नुसत्या दाढदुखीत ते लागत नाही, आणि मेडिकलवाल्यानं काउंटरवरून दिलेल्या पाच गोळ्यांनी तर नुसता खेळ लांबतो.

इथे एका शब्दाबद्दल सांगायचंय. आपण 'दाताला कीड लागली' म्हणतो आणि खरंच अळी असेल असं मानणारे अजून पुष्कळ आहेत. आठवड्याच्या बाजारात भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतली कीड काढून दाखवणारे बसायचे, अजूनही क्वचित बसतात. एक आजी अशी काढलेली 'कीड' कागदाच्या पुडीत घालून माझ्याकडे घेऊन आल्या होत्या. भिंगाखाली धरली तर पांढरा, वाकडा, दोरीसारखा तुकडा. बीच्या आतला कोंब होता तो. आजींना भिंगातून दाखवला, त्या बराच वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, "पन्नास रुपयं घेतलं मेल्यानं." दाताची कीड म्हणजे अळी नव्हे. तोंडातले जंतू साखर खातात, आम्ल सोडतात, आणि त्या आम्लानं दात विरघळतो.

आता रूट कॅनालमध्ये करतात काय? इंजेक्शन देऊन दाढ बधीर करतात. दाढेला वरून छोटी खिडकी पाडतात. आतली मेलेली नस, पू, जंतू बारीक सुयांसारख्या फाइल्सनी काढतात. खालच्या पहिल्या दाढेला साधारण दोन मुळं आणि तीन नलिका असतात. वरच्या दाढेत चौथी लपलेली नलिका अनेकदा निघते, आणि ती सुटली की सगळं काम वाया. म्हणून मला डॉक्टरांच्या हातापेक्षा त्यांच्या धीराची जास्त किंमत वाटते. नलिका सोडियम हायपोक्लोराइटनं धुतात, कपडे पांढरे करायच्या ब्लीचमध्ये असतं तेच रसायन. मग त्या गटापर्चानं भरतात. हा मलायाकडच्या एका झाडाचा चीक. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालून तारायंत्राच्या तारा टाकल्या, त्यांच्यावर हाच चीक गुंडाळलेला असायचा. पाण्याला दाद देत नाही, म्हणून तिथे चालला आणि दाढेतही चालतो. एका बैठकीत होतं की तीन, ते आतल्या घाणीवर ठरतं. एकाच बैठकीत करतो म्हणणारा शूर आणि तीनदा बोलावणारा लुटारू, असं काही नसतं.

नस काढली म्हणजे दात मेला, मग ठेवायचा कशाला, असंही विचारतात. दात हाडात ज्या धाग्यांनी टांगलेला असतो ते जिवंतच असतात, त्यांचं पोषण हाडातून आणि हिरडीतून होतं. चावताना खडा लागला की तुम्हाला कळतं ते याच धाग्यांमुळे. त्यामुळे रूट कॅनाल केलेला दात काम पूर्वीसारखंच करतो. मात्र तो कमकुवत झालेला असतो, कारण कीड आणि खिडकी मिळून त्याचा बराच भाग गेलेला असतो. म्हणून दाढेवर कॅप. कॅपच्या बाबतीत माझे पेशंट सगळ्यात जास्त चुकतात. रूट कॅनाल झालं, दुखणं गेलं, पैसे संपले, ऊस तुटल्यावर कॅप बघू. मग दिवाळीत चिवड्यातला एखादा कडक हरभरा, नाहीतर रविवारी मटणातली नळी, आणि दाढ मधोमध उभी चिरते. उभी चिरलेली दाढ वाचत नाही. काढावी लागते, आधीचा खर्च पाण्यात.

पैशाचं बोलायलाच हवं. गावागणिक आणि डॉक्टरागणिक दर बदलतात. पण हिशेब साधारण असा असतो की कीड वरवर असताना सिमेंट भरायला जेवढे लागले असते, त्याच्या पाच-सहापट रूट कॅनाल आणि कॅपला जातात, आणि दात काढून इम्प्लांट बसवायचं तर त्याच्याही पुढे. झेपत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबई महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. तिथे खर्च खूपच कमी येतो. विद्यार्थी काम करतात, शिकवणारे पाठीशी उभे असतात, वेळ मात्र भरपूर लागतो. एसटीनं चार खेपा मारायची तयारी असेल तर काम चांगलं होतं.

काढूनच टाकायची असेल तर? तोही पर्याय आहे आणि तो निवडणाऱ्याला मी कमी लेखत नाही. अक्कलदाढ असेल तर बहुतेकदा मीच काढा म्हणते. पण पहिली दाढ काढून जागा तशीच ठेवली, तर मागची दाढ त्या खड्ड्यात कलते, समोरची हळूहळू खाली उतरते, आणि पाच-सात वर्षांनी तिथे काही बसवायचं म्हटलं तर जागाच उरलेली नसते. दाढ हाडाच्या खालपर्यंत मोडलेली असेल तर मात्र रूट कॅनालचा हट्ट धरू नका, कुणी धरत असेल तर कारण विचारा. वरची दाढ काढल्यानं नजर जात नाही. दाताच्या संवेदनेची नस वेगळी, डोळ्याला दिसण्याची वेगळी. ज्या वयात दाढा काढाव्या लागतात त्याच वयात चष्म्याचा नंबर वाढतो, आणि बदनामी माझ्या चिमट्याची होते.

आईंबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण मला तुमच्या दाढेपेक्षा त्यांची काळजी जास्त वाटते.

मशेरी म्हणजे तंबाखू तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची आणि बारीक करून डबीत ठेवायची. सकाळी आमच्या भागातल्या कित्येक घरांतून तो भाजल्याचा खाट येतो, वासावरून घर ओळखावं. सरकारनं 1992 मध्ये टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. पण चुलीवर भाजलेल्या मशेरीला कोण विचारणार? बायका सांगतात, "मिसरी लावल्याबिगर पोट साफ व्हत न्हाई," "सोडली की दात दुकत्यात." दोन्ही गोष्टी त्यांच्यापुरत्या खऱ्या आहेत. निकोटीननं आतडं हलतं आणि हिरडी थोडी बधीर राहते. दुखणं झाकलं जातं, एवढाच तिचा 'गुण'.

हिरडीच्या आजाराचं तर मुळातच असं आहे की तो बिनदुखीचा असतो. दाताभोवतीचं हाड झिजत जातं आणि माणसाला कळतं ते थेट दात हलल्यावर. एरवी ब्रश करताना रक्त येतं, ती निदान सूचना असते. तंबाखू रक्तवाहिन्या आकुंचित करते, त्यामुळे तंबाखू वापरणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्तही कमी येतं. त्यांना वाटतं आपल्या हिरड्या घट्ट आहेत. त्यात मधुमेह. साखर वाढलेली असली की हिरडीचा जंतुसंसर्ग बळावतो, आणि हिरडीत कायमचा पू असला की साखर आटोक्यात येत नाही. माझ्याकडे साखरेच्या गोळ्या वाढवून-वाढवून थकलेले पेशंट फिजिशियन पाठवतात. हिरड्यांचे उपचार झाले की तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए1सी, कित्येकांची थोडी खाली येते. फार नाही, पण येते.

तेव्हा आईंना घेऊन जा. सकाळची वेळ घ्या. नाश्ता आणि साखरेची गोळी रोजच्यासारखी घेऊनच. उपाशीपोटी येऊन खुर्चीतच साखर खाली गेलेल्या आजी मी पाहिल्यात, म्हणून माझ्या ड्रॉवरमध्ये कायम ग्लुकोजचा पुडा असतो. शेवटचा एचबीए1सीचा रिपोर्ट न्या. रोजच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या न्या, कारण 'बीपीची पांढरी गोळी' एवढ्यावरून आम्हाला काही कळत नाही. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असेल तर दात काढायचाय म्हणून ती स्वतःच्या मनानं बंद करू नका. दाताचं रक्त बोळा दाबून थांबवता येतं, हृदयातली गुठळी नाही. आणि हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा शिरेतून इंजेक्शन घेत असतील, तर ते न विसरता सांगा. त्या औषधानंतर दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. हे पेशंट कधीच आपणहून सांगत नाहीत, कारण गुडघ्याच्या डॉक्टरांनी दिलेल्या इंजेक्शनचा दाताशी काय संबंध, असं त्यांना वाटतं.

दात किती हलतात त्यावर पुढचं ठरेल. पुढे-मागे किंचित हलणारे दात साफसफाईनं आणि साखर आटोक्यात आल्यावर पुष्कळ वर्षं टिकतात. वर-खाली दाबले जाणारे टिकत नाहीत. ते काढून कवळी लावावी लागेल. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवायची, आणि सुरुवातीचे पंधरा दिवस ती तोंडात दगड ठेवल्यासारखी लागते हे आधीच सांगून ठेवा. माझ्या निम्म्या कवळ्या पहिल्या आठवड्यात कपाटात जातात.

मी त्यांच्या तोंडात दातांच्या आधी दुसरंच बघेन. मशेरी त्या खालच्या ओठाच्या आत दाबतात की गालात? त्या नेमक्या जागी कातडी पांढरी, सुरकुतलेली, खरखरीत झालीय का? लाल मखमलीसारखा चट्टा आहे का? तोंड किती उघडतं? स्वतःची तीन बोटं उभी तोंडात गेली पाहिजेत. सुपारी आणि गुटखा खाणाऱ्या विशी-पंचविशीतल्या पोरांची आजकाल दीड बोटंही जात नाहीत. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पुड्या माझ्या पायरीवर अजून सापडतात. तोंडातली कुठलीही जखम पंधरा दिवसांत भरली नाही, तर ती दुखो न दुखो, दाखवायची. कर्करोगाची सुरुवात बहुतेक वेळा दुखत नाही.

मशेरी सुटेल का? एकदम सोडा म्हटलं की आई डबी लपवतील, बाकी काही होणार नाही. दिवसातून किती वेळा लावतात ते आधी विचारा. पाच असेल तर तीनवर आणा, सकाळची सगळ्यात शेवटी सोडायची कारण तीच सगळ्यात अवघड. पोटासाठी कोमट पाणी, पेरू, पालेभाजी. सरकारची तंबाखू सोडण्यासाठी मोफत फोनसेवा आहे, 1800112356. माझ्या अनुभवात उपदेशापेक्षा नात उपयोगी पडते. "आजी, तुझा वास येतो," हे वाक्य कुठल्याही पोस्टरपेक्षा लागतं.

आता पत्नींच्या बहिणीचं म्हणणं. त्या खोटं बोलत नाहीत, त्यांनी जे पाहिलं ते सांगतायत. कारण मात्र दुसरं आहे. बोअरच्या पाण्यानं गिझरच्या कॉइलवर जसा पांढरा खडकासारखा थर चढतो, तसंच दातावर लाळेतल्या क्षारांनी कीटण चढतं. ब्रशनं ते निघत नाही. कीटणाच्या खाली हिरडी सुजते, हाड झिजतं आणि दात ढिला होतो. पण वरून कीटणाचा बांध घातलेला असतो, त्यामुळे ढिला झालेला दात ढिला वाटत नाही. तो बांध काढला की जिभेला फटी लागतात, सुजलेली हिरडी बसली की दात लांब दिसतात, उघड्या पडलेल्या मुळांना आठ-दहा दिवस गार पाणी झोंबतं. दात आंबल्यासारखे होतात. दोष जातो मशीनवर. ते मशीन दात खरवडत नाही. टोकाची अतिसूक्ष्म कंपनं आणि पाण्याचा फवारा, एवढ्यानं थर सुटतो. कीटण कमी असतानाच साफ करून घेतलं तर यातलं काहीच जाणवत नाही, म्हणून पत्नींना आत्ताच न्या.

दर सहा महिन्यांनी कराच, असं मी सरसकट सांगत नाही. कुणाला वर्षाला एकदा पुरतं. तंबाखू आणि मधुमेह दोन्ही असलेल्या तुमच्या आईंना तीन-चार महिन्यांनी लागेल. आणि साफ करणं म्हणजे पांढरे करणं नव्हे. लग्नाच्या आदल्या आठवड्यात येऊन "फोटोत चमकले पाहिजेत" म्हणणाऱ्या मुलामुलींना मी हे दरवर्षी समजावते. आपल्या दातांचा मूळ रंगच थोडा पिवळसर असतो.

राहिली मुलगी. तिच्या तोंडात आत्ता एक गोष्ट घडतेय जी बहुतेक आईबापांच्या लक्षात येत नाही. समोरच्या दोन दातांच्या मधून मोजायला सुरुवात करा. एक, दोन पुढचे, तिसरा सुळा, चौथी आणि पाचवी दुधाची दाढ. तिच्याही मागे सहावी दिसतेय का? ती दुधाची नाही. कायमची आहे. सहाव्या वर्षाच्या आसपास, कुठलाही दात न पडता, गुपचूप मागून येते, म्हणून सगळे तिला दुधाचीच समजतात. ती साठ-सत्तर वर्षं पुरवायची असते आणि दहाव्या वर्षी किडून माझ्यासमोर येते. आई म्हणते, "पडून दुसरी येईल ना?" तेव्हा मला खरं सांगताना वाईट वाटतं. या दाढेच्या वरच्या खाचा खोल असतात. कीड लागण्याआधी त्या सीलंटनं बुजवता येतात. सुई नाही, मशीन नाही, दहा मिनिटांचं काम. मुलीची कुठली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

आणि दुधाच्या दाढा पडणारच हे खरं, पण त्या पडायचं वय दहा ते बारा. म्हणजे अजून चार-सहा वर्षं तिनं किडक्या दाढांनी जेवायचं? शिवाय त्या खालून येणाऱ्या दातांची जागा राखून ठेवतात. लवकर गेल्या की मागची दाढ पुढे सरकते, नवा दात वाकडा येतो, आणि बाराव्या वर्षी तारा लावायला येता. भरता येण्यासारख्या असतील तर भरून घ्या.

तिला गोड देऊ नका असं मी म्हणणार नाही, पाळलं जाणार नाही म्हणून. गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे महत्त्वाचं. प्रत्येक वेळी काही गोड खाल्लं की तोंड आम्लधर्मी होतं आणि लाळेला ते सावरायला अर्धा-पाऊण तास लागतो. जेवणानंतर एक गुलाबजाम परवडला, पण दुपारभर कुरतडलेला बिस्किटचा पुडा नको. क्रीमची बिस्किटं आणि चिकट चॉकलेट खाचांत तासन् तास बसतात. रात्री ब्रश झाल्यावर पाण्याशिवाय काही नाही, दूधसुद्धा नाही, कारण झोपेत लाळ जवळजवळ बंद होते.

ब्रशचं थोडक्यात. मऊ ब्रश, दोन मिनिटं, सकाळी आणि रात्री, आणि एकच वेळ जमणार असेल तर रात्री. ब्रश हिरडीच्या कडेवर तिरका धरून हलके छोटे गोल फिरवायचे. भांडं घासल्यासारखं आडवं घासलं की हिरडीजवळ दाताला खाच पडते, सुळ्यांना आधी. राखुंडी, कोळसा, मीठ यांनी हेच होतं. कडुनिंबाची काडी हळू हातानं वापरलीत तर माझी तक्रार नाही, पण ती दाढेच्या मागच्या बाजूला पोचत नाही. मुलीला फ्लोराइड असलेली पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. ट्यूबवर फ्लोराइड पीपीएममध्ये लिहिलेलं असतं, 1000 च्या आसपास बघा. जाहिरातीत ब्रशभर काढतात ती पेस्ट विकायला. घासून झाल्यावर थुंकायचं, खळखळून चूळ नको, पेस्टचा अंश दातावर राहिला पाहिजे. सात-आठ वर्षांची होईपर्यंत शेवटचा हात तुम्ही मारा. जिला बुटाची लेस नीट बांधता येत नाही, तिला मागची दाढ घासता येत नाही. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे दातांवर तपकिरी डाग येतात. तिथल्या लोकांनी पाणी तपासून घ्यावं आणि पेस्टबद्दल डॉक्टरांना विचारावं.

तिला दवाखान्यात नेताना एक करा, किंवा करू नका. "दंगा केलास तर डॉक्टर सुई टोचतील" हे वाक्य घरात कुणी म्हणायचं नाही. माझ्या खुर्चीत बसण्याआधीच रडणाऱ्या दहापैकी आठ मुलांना हेच सांगितलेलं असतं. खालच्या दाढेला इंजेक्शन दिलं तर ओठ दोन-तीन तास बधीर राहतो. तेवढा वेळ तिच्यावर लक्ष ठेवा. मुलं गंमत म्हणून तो ओठ चावत बसतात आणि संध्याकाळी सुजलेला, सोललेला ओठ घेऊन आई धावत येते.

तुम्ही विचारलं नाहीत, पण शाळेत जाणारं मूल आहे म्हणून सांगते. दोन-तीन वर्षांत तिचे पुढचे कायमचे दात आलेले असतील. पडून त्यातला एखादा मुळासकट बाहेर आला, तर तो परत बसवता येतो. दात मुळाकडून धरायचा नाही, घासायचा नाही, माती असेल तर क्षणभर पाण्याखाली धरायचा. जमलं तर जागच्या जागी बसवून रुमाल चावायला द्यायचा, नाहीतर दुधात टाकून अर्ध्या तासात दवाखाना गाठायचा. दुधाचा दात असेल तर परत बसवायचा नाही. एकदा शाळेच्या मॅचमधून एक शिक्षक मुलाचा दात कागदात गुंडाळून, खिशात घालून दोन तासांनी घेऊन आले. मुळावरचे धागे वाळून गेले होते. त्यानंतर मी त्या शाळेत जाऊन बोलले. पुढच्या वर्षी त्याच शाळेतून दुसरा मुलगा आला, शिपायाच्या हातात स्टीलचा पेला, पेल्यात स्टाफरूमच्या चहाचं दूध, आणि तळाशी दात. तो मुलगा आता इंजिनिअरिंगला आहे, दात जागेवर आहे.

तेव्हा वेळ घ्याल ती चौघांची एकदम घ्या. जायच्या आधी वेदनाशामक गोळी घेऊ नका, कारण दाढेवर ठोकून बघायचं असतं आणि गोळी घेतली की ठोकलेलं समजत नाही. आईंना मशेरीची डबी पिशवीत घेऊनच यायला सांगा, घरी लपवून नको. बायका 'थोडीशी लावते' म्हणतात, आणि डबी बघितल्याशिवाय ते थोडीशी म्हणजे किती ते मला आजवर कधी कळलेलं नाही.